शेजारची किल्ली

परदेशातून आलेल्या माणसाला मी घर दाखवायचे, तेव्हा गॅस, गिझर, इन्व्हर्टर हे सगळं नंतर. आधी शेजारचं दार वाजवायचे. शेजारीण पदराला हात पुसत बाहेर आली की नव्या माणसाला घराची एक किल्ली तिच्या हातात द्यायला लावायचे. साहेब लोक माझ्याकडे असे बघायचे की ही बाई शुद्धीवर आहे ना? मी म्हणायचे, "सर, धिस इज शिरूर. गिव्ह." इंग्रजी माझं तेवढंच, पण आवाज मोठा असला की भागतं.

रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या ॲडमिनला होते मी. नाव सांगत नाही, पेन्शनबिन्शन नाही तरी आब राखावा लागतो. ओळखपत्रावर माझं पद लांबलचक होतं, काम मात्र एकच: बाहेरच्या देशातून आलेलं कुटुंब इथं रुळवायचं. परदेशी साहेब बहुतेक पुण्यात राहतात आणि गाडीने येऊन-जाऊन करतात. पण काहींना प्लँटच्या जवळच राहावं लागतं. प्लँटला लागून असलेल्या कारेगावातल्या खोल्या कामगारांनी भरलेल्या, म्हणून मी त्यांच्यासाठी शिरुरात फ्लॅट बघायचे.

रुळवायचं म्हणजे काय, असं लोक विचारतात. सांगते. पिण्याच्या पाण्याचा जार कोण आणून टाकतो, नळाला पाणी कोणत्या वेळी येतं, घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की कचरा घेऊन कसं पळायचं, पाल चावत नाही आणि मंगल कार्यालयातला डीजे म्हणजे दंगल नाही, हे सगळं माणसाच्या गळी उतरवायचं. एक पोलंडचे साहेब होते. त्यांना वॉचमनपासून दुकानदारापर्यंत सगळे विचारायचे, "जेवलात का?" ते बिचारे थांबून काय काय खाल्लं ते सांगायचे. पुढे त्यांना वाटायला लागलं की आपण फार वाळलोय, म्हणून लोक चौकशी करतात. दोन वेळचं तीन वेळ जेवायला लागले. पँट होईना तेव्हा माझ्याकडे आले.

असे हसण्यासारखे प्रसंग पुष्कळ. पण खरं सांगू? नवीन कुटुंब आलं की मला जो घोर लागायचा तो महिनोन्‌महिने जायचा नाही. साहेबाला कंपनी असते. त्याच्या बायकोला कोण असतं? चार भिंती आणि मी. फोन वाजला की माझे मिस्टर म्हणायचे, "घे, काळजीचाच पगार खातेस तू."

सगळ्यांत जास्त काळजी मला होशिनो साहेबांच्या बायकोने करायला लावली. जपानचे हे लोक. बायकोचं नाव अयाका, अंगाने बारीक, बोलणं त्याहून बारीक. मुलगा केन्ता, जेमतेम दोन वर्षांचा. त्यांना मी ज्या इमारतीत फ्लॅट दिला, तिथे समोरच्या दारात विमलमावशी आणि आप्पा राहायचे. आप्पा एसटीत मेकॅनिक होते, निवृत्त. विमलमावशी म्हणजे आवाज असा की खालच्या रस्त्यावरचा भाजीवाला वर न बघता भाव सांगायचा. मनाने मात्र लोणी. मला वाटलं, ह्याहून चांगला शेजार मिळणार नाही. पहिल्याच दिवशी किल्ली मावशींच्या हातात पडली.

अयाकाला मी चार शब्द शिकवले. या, बसा, पाणी, पुरे. एवढ्यावर शिरुरात संसार होतो. 'पुरे' ती लगेच शिकली, कारण मावशी वाढायला लागल्या की थांबत नाहीत. 'या' मात्र तिच्या तोंडून कधी निघायचं नाही. दारात कुणी आलं की ती कमरेत वाकायची, हसायची, पण दार अर्धंच उघडं ठेवायची. केन्ताला ही अडचण नव्हती. मावशींनी त्याचं 'केतन' करून टाकलं होतं. भाकरीचा पापुद्रा काढून, त्यावर तूप लावून त्या त्याला भरवायच्या आणि तो त्यांच्या बांगड्या वाजवत बसायचा. माझा जीव जरा खाली पडायला लागला होता.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई सुरू झाली. मावशींच्या मुलीचं, पूजाचं लग्न ठरलं होतं, मुलगा कासुर्डीचा. नेमके त्या दोन दिवसांत होशिनो कुटुंब महाबळेश्वरला गेलेलं. हळदीच्या संध्याकाळी वऱ्हाड आलं, ते अपेक्षेपेक्षा जास्त. कार्यालयातल्या खोल्या पुरेनात, त्यात तिथलं पाणी गेलं. आता मावशींनी काय केलं असेल, हे आपल्याकडच्या कुणालाही सांगावं लागणार नाही. गल्लीत लग्न असलं की शेजारची घरं पाहुण्यांची. कुणी विचारत नाही, कुणाला वाईट वाटत नाही. त्यांनी समोरचं घर उघडलं, झाडून-पुसून घेतलं आणि नवऱ्या मुलाचे चुलते, आत्या, मावश्या, सगळा मानाचा गोतावळा तिथे उतरवला. एसी होता ना. चांगल्यात चांगली जागा मुलाकडच्यांना द्यायची, एवढंच त्यांच्या डोक्यात.

तिकडे केन्ताला ताप आला. ती मंडळी ठरल्यापेक्षा आधी, लग्नाच्या दिवशी सकाळीच परतली. जिना चढून अयाका वर आली तर आपल्या दाराबाहेर चपलांचा ढीग. आतून बायकांचे आवाज. दार उघडं. तिच्या पलंगावर एक म्हातारी नातवाला थोपटतेय, सोफ्यावर साड्या पसरल्यात, आणि बाथरूममधून नवऱ्या मुलाचे चुलते टॉवेल गुंडाळून, अंगाला साबण तसाच, बाहेर येतायत. ती जी किंचाळली, ती म्हणे खालच्या मेडिकलपर्यंत ऐकू गेली.

होशिनो साहेबांनी कंपनीच्या सिक्युरिटीला फोन केला. मी कार्यालयात अक्षतांच्या पुड्या वाटत होते, तिथून धावत गेले. पोचले तेव्हा मानाचे पाहुणे ओल्या केसांनी जिन्यात उभे. चुलत्यांचा साबण अंगावरच वाळलेला. "आमाला चोर ठरिवलं व्हय?" असं ते एकसारखं आप्पांना विचारत होते. आप्पा हात जोडून म्हणत होते, "आवो, समद्यांनी चपला भाईर काढल्यात! बघा की तुमी!" जणू एवढ्यावर मिटायला हवं होतं. सिक्युरिटीचे साहेब फौजी खाक्याचे. त्यांनी सगळ्यांसमोर मावशींना वदवून घेतलं: "पुन्हा ह्या घरात पाय ठेवणार नाही." मावशींच्या हाताला अजून हळद होती. त्या म्हणाल्या तसं. किल्ली परत दिली. मुहूर्त टळला तो टळलाच, आणि पूजाला सासरी पहिले काही दिवस ह्या गोष्टीचे टोमणे ऐकावे लागले.

मला राग कुणाचा आला म्हणाल तर दोघींचाही. त्या रागात मी मावशींकडे गेले. त्या म्हणाल्या, "आगं, पाव्हणे त्यांच्याकडं का उतरिवले? माजं घर तेवढं चांगलं न्हाई म्हनून. त्यात चोरी कुठं आली?" समोर गेले तर अयाकाने आधी भिंगातून बघितलं, मग साखळी लावून फट उघडली. फोनमध्ये तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि तो माझ्यापुढे धरला. फोनने मराठीत सांगितलं, "तुमच्या देशात माझं घर कुठून सुरू होतं ते मला समजत नाही." दोघींचंही खरं होतं.

अयाकाने परत जायचं ठरवलं. जानेवारीअखेरीचं तिकीट, ती आणि मूल. साहेब एकटे राहणार. असं आधी एकदा एका कुटुंबाचं झालं होतं आणि ते पुढे एकत्र आलंच नाही, म्हणून माझ्या जिवाला घोर लागला. होशिनो साहेबांनी दाराला नवीन कुलूप बसवून घेतलं, दार लोटलं की आपोआप लागणारं. एक किल्ली घरात, एक त्यांच्या खिशात. "एक तरी बाहेर असू द्या, माझ्याकडे द्या हवं तर," मी म्हटलं. साहेब वाकून "नो, थँक यू" म्हणाले. जपानी माणूस वाकून नाही म्हणाला की पुढे बोलायला जागाच उरत नाही.

जानेवारीत मी वरवंडला भाच्याच्या वास्तुशांतीला गेले होते. पंगत बसत होती. फोन वाजला, बघते तर विमलमावशी. लग्नापासून त्या माझ्याशी धड बोलत नव्हत्या.

"कुंदा, जपानीन दाराभाईर आडकलीय गं! पान्याचा जार आत घ्याया आली आन् दार लागलं. केतन आत हाय एकला. आन् बारीक गॅसवर कढई हाय, हातानं दावती. त्याल!"

माझ्या हातातली पत्रावळ तिथंच राहिली. होशिनो साहेबांना फोन लावला, बंद. प्रॉडक्शन लाइनवर जाताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा, हा नियम मीच नव्या लोकांना समजावून सांगायचे. गेटला फोन केला, म्हटलं साहेबांना कामावरून उठवा, किल्ली घेऊन घरी पाठवा. पण गेटपासून लाइनपर्यंत निरोप, तिथून गाडी, मग शिरूर. तोपर्यंत तेल कुणासाठी थांबतंय? माझ्या भावाला, दादाला म्हटलं, गाडी काढ. चौफुला, केडगाव, पारगावचा पूल, सगळं बरं गेलं, आणि न्हावऱ्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्या. एकीमागे एक, दोन दोन जोडलेल्या, पुढे जायला वाव नाही. दादा हॉर्नवर हात ठेवून बसला. मी मावशींना सांगितलं होतं, फोन बंद करू नका. त्यांनी तो जिन्याच्या पायरीवर ठेवून दिला असावा. मला सगळं ऐकू येत होतं आणि करता काहीच येत नव्हतं. इतकी वाईट अवस्था माझी आयुष्यात झाली नाही.

आप्पांची पहार दारावर आपटत होती. कुलूप भारीतलं, हलेना. अयाका "केन्ता! केन्ता!" करून ओरडत होती आणि तिचा आवाज ऐकून पोरगं आत जास्तच भेदरलेलं. रडत इकडून तिकडे पळतंय, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. एकदा आवाज लांब गेला. स्वयंपाकघराकडे गेला, दुसरं कुठे? मी गाडीत मोठ्याने म्हणाले, "आरं देवा, तिकडं नको!" दादाने माझा हात धरला.

मग मावशींचा आवाज आला, पण नेहमीचा नव्हे, अगदी हळू. "आप्पा, वाईच थांबा. ठोकू नगा. ए बाय, तू बी गप." सगळं शांत झालं. "केतन, ए केतन. माजं सोनं त्ये. ये इकडं. बस हितं. बस."

भाकरी भरवताना त्या त्याला रोज असंच म्हणायच्या. त्या जिन्यात आडव्या झाल्या होत्या, हे मला नंतर कळलं. दाराखालच्या फटीतून बोटं आत घातली होती आणि दुसऱ्या हाताने बांगड्या वाजवत होत्या. पोराचं रडणं जवळ आलं. दाराशी आलं. हुंदके देत देत थांबलं. "आता करा," मावशी म्हणाल्या, "पन कडंला ठोका, हळू. त्यो माजी बोटं धरून बसलाय." तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, धूर येतोय. अयाका पुन्हा ओरडली नाही. तिने स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं, असं आप्पा सांगतात.

पहार लागत राहिली. मावशी बोलत राहिल्या. काय बोलत होत्या म्हणाल, तर काहीही. पूजा लहान असताना कशी पडली, आज भाजी काय केलीय, आप्पा कसे चहात बिस्कीट बुडवून विसरतात. थांबत मात्र नव्हत्या. आमच्या पुढची ट्रॉली एका बाजूला झाली आणि दादाने गाडी दामटली, तेव्हाच फोनमधून कडकन आवाज आला. दार गेलं.

पुढचं मी नीट ऐकलं, आणि मरेपर्यंत विसरणार नाही. पोराचा आवाज, अयाकाचा हुंदका, म्हणजे तिने त्याला उचललं. आप्पांचा खोकला. मग आप्पा ओरडले, "विमल, आगं गॅस! रेग्युलेटर! मला धुरात दिसंना, चष्मा पडला माजा!" आणि मावशींचं उत्तर, रडवेलं, "आवो, मी कशी जाऊ? समद्यांम्होरं बोललेय मी, पाय ठेवनार न्हाई म्हनून!"

आग लागतेय आणि बाई उंबऱ्याबाहेर उभी! मी फोनवर ओरडले, पण पायरीवर पडलेल्या फोनचं कोण ऐकतं.

तेव्हा अयाका बोलली. बारीक आवाज, फाटलेला. "मावशी! या! या! या!"

मावशी आत गेल्या. नुसत्या गेल्या नाहीत, अयाकाने त्यांचा दंड धरून त्यांना आत ओढलं. त्यांनी गॅस बंद केला, पेटायला आलेल्या कढईवर ताट झाकलं, खिडक्या उघडल्या आणि वर अयाकाला झापलं, "तळन ठिवून जार उचलाया जात्यात व्हय गं?" तेव्हा मला कळलं की सगळे जिवंत आहेत. मी पदर डोळ्यांना लावला. दादा म्हणाला, "आता रडतीस? आता तर झालं की." मी म्हटलं, आधी वेळ कुठं होता.

मी पोचले तेव्हा सगळे मावशींच्या घरात. अयाका पहिल्यांदाच तिथे आली होती, पायात नुसते मोजे. केन्ता मावशींच्या मांडीवर झोपलेला. मावशींची बोटं पार सोलून निघाली होती. फट ती केवढी, आणि पोराने धरून ठेवलेली. अयाका ओल्या फडक्याने ती पुसत होती, आणि मावशी म्हणत होत्या, "पुरे. आगं, पुरे." निरोप उशिरा मिळालेले होशिनो साहेब धापा टाकत आले, त्या मोडलेल्या दाराकडे बघितलं, मग उघड्या दारातून आमच्याकडे. बूट काढून आत येऊन बसले. आप्पांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

महिनाअखेर आली आणि गेली. तिकिटाचं मी विचारलं नाही. विचारलं तर तिला आठवण होऊन ती निघून जायची, अशी माझी वेडी भीती. दाराला आप्पांनी साधं, हाताने लावायचं कुलूप बसवून दिलं. एका रविवारी अयाकाने मला बोलावून घेतलं. मावशींच्या दारात उभी राहिली आणि दोन्ही हातांवर किल्ली ठेवून, वाकून पुढे केली.

मावशी मागे सरकल्या. "नगं बया. आजून एक पोरगी हाय लग्नाची. पुन्हा पाव्हणं आलं तर?"

मी जसं जमेल तसं अयाकाला सांगितलं. तिने फोन काढला नाही. शब्द जुळवत जुळवत म्हणाली, "पाव्हणे... आधी सांगा. मी... पाणी."

मावशी हसल्या, पण किल्लीला हात लावला नाही. आत गेल्या. मला वाटलं, झालं, बिनसलं पुन्हा. तर आतून स्वतःच्या घराची किल्ली घेऊन आल्या, पितळी, काळ्या दोऱ्याला बांधलेली. अयाकाच्या हातावर ठेवली आणि मग तिची उचलली. "आता बरूबर. तुजी माज्याकडं, माजी तुज्याकडं."

मी तिथं उभी होते आणि मला स्वतःचंच नवल वाटलं. किती कुटुंबांना मी किल्ली द्यायला लावली असेल. पण इथल्या कुणी त्यांच्या हातात आपली किल्ली द्यावी, हे मला कधी सुचलं नव्हतं. त्यानंतर अयाका दार पूर्ण उघडायला लागली. दुपारी मावशींच्या घरात स्वतःच कुलूप काढून जायची, त्या बाजारात गेल्या असल्या तर दूध तापवून ठेवायची. मावशी मला फोन करून तक्रार करायच्या, "साय काढून ठिवती गं ही, कुनी सांगितलं हिला?" ती तक्रार ऐकताना मला किती बरं वाटायचं!

पुढे साहेबांची मुदत संपली. निघायच्या दिवशी सामान, गाड्या, रडारड, सगळं रीतसर झालं. केन्ता तोवर मराठीत भांडायला शिकला होता. घराची किल्ली अयाकाने मला दिली, मी घरमालकाला दिली. ते विमानात बसले असतील तेव्हा मला आठवलं. मावशींची किल्ली! ती तिच्याकडेच राहिली. मी लगेच मावशींना फोन केला, म्हटलं, "मी आजच कुलूप बदलून देते, काळजी करू नका."

"काय बदलू नगं," मावशी म्हणाल्या. "जाताना माज्याम्होरंच तिनं ती पर्समधी टाकली. मी बघितलं. म्हटलं, ऱ्हाऊ दे."

"अहो, पण ती जपानला गेली, मावशी!"

"मग? घर तर हितंच हाय ना. कवा आली, आन् आमी रानात-बिनात आसलो, तर दारात ताटकळंल का ती?"